देवीचा कौल आणि जहाजाची वेळ

क्रूझला जायचं ठरलं ते आईमुळे, आणि गंमत म्हणजे आईला क्रूझवर जायचंच नव्हतं. तिला जायचं होतं फोंड्याजवळ, आमच्या कुलदेवीकडे. डोंबिवलीतली तिची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली आहे. दिवाळीनंतर सगळ्यांनी घरं रिकामी करायची आणि नवी इमारत उभी राहीपर्यंत ज्याची त्यानं सोय बघायची, असं सोसायटीत ठरलं. मी आईला म्हटलं, सोय कसली बघतेस, ठाण्याला माझ्याकडे ये, कायमची. आई हो म्हणेना आणि नाहीही म्हणेना. शेवटी एक दिवस म्हणाली, देवीला कौल लावते, ती सांगेल तसं करू.

ज्यांना कौल माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गोव्यातल्या बऱ्याच देवळांत देवाच्या मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवतात. आपला प्रश्न भटजी मोठ्यानं देवापुढे मांडतात, त्याला गाऱ्हाणं म्हणतात, आणि मग सगळे वाट बघत बसतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. आमच्या घराण्यात लग्नं, जमिनी, एका काकांचं ऑपरेशन, सगळं या पाकळ्यांवर ठरलेलं आहे. माझा यावर विश्वास नाही. पण आईचा आहे, आणि आईनं माझ्याकडे यावं असं मला वाटत होतं, म्हणून देवीनं हो म्हणावं एवढी माझी अपेक्षा होती.

आता गोव्याला न्यायचं कसं? रात्रभर बसमध्ये आईचे गुडघे आखडतात, विमानात तिचे कान दुखतात, आणि दिवाळीच्या सुट्टीत रेल्वेचं रिझर्व्हेशन मिळणं म्हणजे लॉटरीच. अशात मला मुंबई-गोवा-कोची अशा क्रूझची जाहिरात दिसली. जहाज गोव्याला सकाळी लागणार आणि संध्याकाळी सुटणार. मी नवऱ्याला म्हटलं, आईचं देवदर्शन होईल आणि माझी हौसही फिटेल. तो म्हणाला, हौस तुझी आणि नाव देवीचं. तो काही फार चुकला नव्हता.

मी ठाण्यातल्या एका शाळेत शिकवते आणि शाळेचं वेळापत्रक करायचं काम कित्येक वर्षं माझ्याच गळ्यात आहे. त्यामुळे किनाऱ्यावरच्या सहलींचं नियोजन करताना मी भलतीच रंगात आले. तुम्ही अशा प्रवासाचा विचार करत असाल तर एक गोष्ट आधी समजून घ्या. जहाजावरून मिळणारी सहल घेतली तर बसला उशीर झाला तरी जहाज आपल्यासाठी थांबतं, पण बस नेईल तिथंच जावं लागतं, आणि तिघींचे मिळून पैसे बरेच होतात. स्वतःची टॅक्सी केली तर स्वस्तात आणि मनासारखं फिरता येतं, पण उशीर झाला तर जहाज निघून जातं. गोव्याच्या सहलींमध्ये किल्ला होता, समुद्रकिनारे होते, मसाल्याची बाग होती. आमची देवी अर्थातच नव्हती. मग मी वास्कोचा एक टॅक्सीवाला फोनवर ठरवला. दिवसभराचे साडेतीन हजार म्हणाला.

तिघी म्हणजे मी, आई आणि आईची शेजारीण फिलोमिनाकाकू. काकू मूळची वसईकडची. तिचे यजमान शहाडच्या कारखान्यात होते, ते गेल्यापासून एकटीच राहते, मुलगा आखातात असतो. दोघींची दारं समोरासमोर आणि दिवसभर उघडी. एकीच्या घरी कुकरच्या शिट्ट्या झाल्या की दुसरी गॅस बंद करायची आठवण करते, असा एकंदर कारभार. इमारत रिकामी झाल्यावर काकू भावाकडे वसईला जाणार होती. केबिनमधल्या तिसऱ्या माणसाला बरीच सूट होती, म्हणून मी तिला सहज विचारलं, आणि ती एका पायावर तयार झाली. तिला जुन्या गोव्याचं मोठं चर्च बघायचं होतं. फोंड्याहून परतताना ते वाटेवरच पडतं, म्हणून मी तेही तक्त्यात बसवलं.

देवीची ओटी घ्यायला आई मुद्दाम कल्याणच्या बाजारात गेली. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू, सगळं तिथलंच हवं. शिवाय फराळाचे तीन डबे. बाहेरचं खाणं जहाजावर चालत नाही असं मी कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं, तरी बंदरावर सामान तपासणाऱ्याच्या यंत्रात चकल्या अगदी स्पष्ट दिसल्या. डबे आम्हाला सोडायला आलेल्या नवऱ्याच्या हाती परत गेले, त्याची दिवाळी पुन्हा झाली. नारळ मात्र त्या माणसानं उलटसुलट करून पाहिला आणि आईला विचारलं की हा कशाला. आई म्हणाली की देवीला आहे. त्यानं तो परत पिशवीत ठेवला.

डोंबिवलीहून बंदरापर्यंत जायला वेळ हाताशी ठेवा. आम्ही गाडीनं निघालो, कल्याण-शीळ रस्त्यावर अडकलो, मुंब्रा बायपासला परत अडकलो. फ्रीवेला लागल्यावर पुढचं भराभर झालं. जहाजावर चढल्यावर आधी लाइफ जॅकेट घालायचं प्रात्यक्षिक असतं, ते चुकवता येत नाही. मग खाणं. पाव, भात, पनीर, जैन जेवण, नूडल्स, सगळं आहे, पण मासे बेचव. आईनं एक तुकडा खाऊन बाजूला सारला आणि काकूकडे बघितलं, काकूनं मान हलवली. पुढचे सगळे दिवस जहाजावर दोघी वरणभातावर राहिल्या.

ऑक्टोबरचा उकाडा सरून हवा नुकती कोरडी झालेली, समुद्र शांत. संध्याकाळी डेकवर बसलो तेव्हा डावीकडे किनारा पुसट दिसत होता. आईला मी विचारलं, देवीला नेमकं काय विचारणार आहेस. ती म्हणाली, ते तिथं गेल्यावर. मी मनात म्हटलं, विचारायचं काय असतं त्यात, ठाण्याला जाऊ की नको, एवढंच तर आहे. माझ्या घरी सासूबाईंची खोली रिकामी होती. सासूबाई तीन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या आणि गेल्या वर्षी गेल्या. ती खोली मी रंगवून घेतली होती आणि आईसाठी उंच पलंगही आणून ठेवला होता.

सकाळी मुरगाव बंदरात उतरलो. टॅक्सीवाला, रोहिदास, गेटबाहेर उभा होता. मी त्याला माझा तक्ता समजावला. जाताना वेर्णा, लोटली, बोरीचा पूल असं फोंड्याला, आधी देवी. येताना बाणस्तारीवरून जुनं गोवं, मग झुआरीच्या पुलावरून बंदर. बोरीच्या पुलाशी रस्ता फार सुंदर आहे, नदी रुंद आणि दोन्ही बाजूंना माड. पुढे भातं कापून झालेली शेतं आणि सुपारीच्या बागा. गाडी थांबवून फोटो काढायला मी वेळ ठेवला नव्हता, याचं मला नंतर वाईट वाटलं. तुम्ही ठेवा.

देवीचं नाव मी इथं लिहीत नाही, घरची गोष्ट आहे. देऊळ दरीच्या तळाशी, समोर तळी, तळीत कमळाची पानं. मी वेळापत्रक करताना एकच गोष्ट विसरले होते, आणि ती विसरायला आमच्यासारखे कुलदेवीला दहा-दहा वर्षांनी जाणारे शहरी भक्तच हवेत. कौल मागून लगेच मिळत नाही. आधी अभिषेक, मग महापूजा, आणि मग ज्यांचे कौल असतील त्यांनी ओळीनं बसायचं. आमच्या आधी दोन कुटुंबं बसली होती. मी भटजींना म्हटलं, आमचं जहाज आहे. ते अगदी गोड हसले आणि म्हणाले, बसा.

आमचा नंबर लागला तेव्हा दुपार होत आली होती. आईनं ओटी भरली. विधवेनं भरावी का असं कोणी विचारायच्या आतच ती म्हणाली की माझी देवी, माझा नारळ, मी भरणार. भटजींनी ताट घेतलं. वाऱ्यानं पाकळी पडू नये म्हणून पंखे बंद केले. त्यांनी दोन्ही बाजूंना पाकळ्या लावल्या आणि आईच्या जवळ येऊन प्रश्न विचारून घेतला. मग देवीकडे तोंड करून मोठ्यानं गाऱ्हाणं घातलं.

"आई माये, तुझं लेकरू डोंबिवलीहून तुझ्या पायाशी आलंय. राहतं घर पाडायला काढलंय. लेक आपल्या घरी ये म्हणते. माये, लेकीला हे झेपेल काय, तेवढं सांग. झेपेल तर उजवी दे, नाही तर डावी."

मला वाटलं भटजींचा घोटाळा झाला. मी आईच्या कानाशी वाकून म्हटलं, हे काय विचारलंस. तिनं बोट ओठांवर ठेवलं आणि डोळे मिटले. फिलोमिनाकाकू मागच्या खांबाशी हात जोडून उभी होती.

मग नुसतं बसणं. पंखे बंद, अंगाला घाम, समईचा वास. पाकळ्या जागच्या हलेनात. मी घड्याळ बघत होते, जुनं गोवं तक्त्यातून खोडत होते, परत बसवत होते. दारातून रोहिदास डोकावला. मी त्याला खुणेनं विचारलं, किती वेळ आहे. तो हळूच म्हणाला, "मॅडम, देवीक घाई करून चलना." उजवीकडची पाकळी एकदा खाली सरकल्यासारखी वाटली, तेव्हा मी श्वास रोखून धरला. ती तिथंच थांबली. आणि डावीकडची, अगदी घट्ट दिसणारी, अलगद सुटून खाली आली.

देवीनं नाही म्हटलं होतं. लेकीला झेपणार नाही. मला राग यायला हवा होता. मी सासूबाईंचं सगळं केलेलं आहे, मला न झेपायला काय झालं? पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. खांदे खाली आले, आणि लगेच त्याची इतकी लाज वाटली की तिथून उठून जावंसं वाटलं. मी आईकडे बघितलं. सगळं देऊळ देवीकडे बघत होतं आणि आई माझ्याकडे बघत होती.

आम्ही गाडीत बसलो. वेळेचा हिशेब आता बसत नव्हता, म्हणून मी म्हटलं, चर्च राहू दे, सरळ बंदरावर जाऊ. काकू लगेच म्हणाली, जाऊ दे गं, आमचा देव काय कुठं पळून जात नाही. आई मात्र अडून बसली. म्हणाली, फिलूचं राहिलं तर मी माझं झालं असं समजणार नाही. मग रोहिदासनं गाडी जुन्या गोव्याकडे हाणली. काकू आत जाऊन पाचेक मिनिटांत बाहेर आली. एवढ्या लांबून येऊन काय मागितलंस, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "काही नाही. तुझ्या आईचं तिकडे बोलणं झालंय, आता मी मधे कशाला तोंड घालू?" त्या गोष्टीवर आम्ही तिघीही हसलो आणि मला जरा बरं वाटलं. बंदरात पोचलो तेव्हा शिडीवर शेवटची माणसं चढत होती. वाटेत काही खाल्लं नव्हतं, गोव्यात जाऊन मासे न खाता परत येणाऱ्या आम्हीच असू.

संध्याकाळी काकू झोपली आणि मी आईला घेऊन डेकवर गेले. गोव्याचा किनारा मागे पडत होता. आईनंच विषय काढला. म्हणाली, "देवीचा राग आला का?"

"देवीचा कशाला येईल? मला सरळ विचारायचंस ना."

"विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

"ये म्हणाले असते."

"तेच तर. तुझ्या तोंडून ‘नाही’ निघालं नसतं, आणि माझा तुझ्या ‘हो’वर विश्वास बसला नसता. सासूबाईंचं तू केलंस ते मी बघत होते. अजून तुझी पाठ सरळ होत नाही. रात्रीची दचकून उठतेस, जावईबापूंनी सांगितलं मला." मग ती म्हणाली, "तुझ्या काकांच्या ऑपरेशनचा कौल माहितेय ना? त्यांना भीती वाटत होती, आणि त्यांच्या बायकोला ऑपरेशन करून घ्यायचं होतं, पण बोलायची सोय नव्हती. घरात जे एकमेकांना तोंडावर सांगता येत नाही, ते सांगायला देवी लागते."

मी विचारलं, "आणि उजवी पडली असती तर?"

"तर आले असते. तिला दोन्ही सांगता येतं." मग माझा हात हातात घेऊन ती म्हणाली, "पण डावी पडल्यावर तुझा चेहरा बघितला मी. खूप दिवसांनी असा दिसला. वाईट वाटून घेऊ नकोस. मला बरं वाटलं."

मी रडले. शेजारच्या टेबलावरच्या गुजराती कुटुंबातल्या बाईंनी मला न विचारता टिश्यूचा डबा पुढे सरकवला. आई समुद्राकडे बघत बसली होती, मला गप्प हो म्हणाली नाही.

कोचीसाठी माझा तक्ता तयार होता. बॅकवॉटर, हाऊसबोट, सगळं. आईनं तो बाजूला ठेवायला लावला. तसंही एका दिवसात जहाजावरून अलेप्पीला जाऊन येणं म्हणजे सगळा दिवस गाडीत काढणं, तेव्हा नवख्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये असं मी सांगेन. आम्ही सरकारी बोटीनं फोर्ट कोचीला गेलो, तिकीट अगदी नाममात्र. किनाऱ्यावरच्या मासेमारीच्या चिनी जाळ्यांशी नुकती धरलेली मासळी विकायला होती, ती घेऊन शेजारच्या टपरीवर तळून द्यायला सांगितली. काकूनं मासा बोटानं दाबून बघून भाव केला, कुठल्या भाषेत ते विचारू नका. मसाला कमी घाल, हे आईनं मराठीत सांगितलं. त्या माणसाला ते कसं समजलं देव जाणे, पण मासळी झकास झाली. सगळ्या प्रवासातलं तेच सर्वांत चांगलं जेवण.

तिथंच, हात धुताना, आई काकूला म्हणाली, फिले, आपण दोघी एकत्र भाड्यानं राहायचं का. काकूनं टॉवेल शोधत असल्यासारखं केलं. मग म्हणाली, वैनी, मी कधीची वाट बघत होते, पण तुमच्या लेकीचा विचार करून गप्प होते.

परतीचा दिवस सगळा समुद्रात गेला. झोप, पत्ते, चहा. मुंबईला उतरून खर्चाचा हिशेब केला तर तो ठरल्यापेक्षा थोडा जास्तच झाला होता. त्याबद्दल तक्रार नाही. कोणी विचारलंच तर मी सांगेन, किनाऱ्यावरची सहल ठरवताना दिवसातला अर्धा भाग मोकळा ठेवा. मला ते अजून नीट जमत नाही.

दोन म्हाताऱ्यांना घर द्यायला कोणी तयार होत नव्हतं. एजंट म्हणाले, उद्या काही झालं तर जबाबदार कोण. मी म्हटलं, मी, आणि करारावर माझं नाव घातलं. जुन्या इमारतीच्या मागच्याच गल्लीत तळमजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. आता तिथं रोज भांडणं होतात, माशांच्या आंबट तिखटात चिंच घालायची की कोकम यावरून. मला दोघींचेही फोन येतात आणि दोघी एकमेकींच्या तक्रारी सांगतात.

गेल्या महिन्यात आई शनिवारी अचानक ठाण्याला आली. हातात पिशवी. म्हणाली, चार दिवस राहायला आले आहे, उंच पलंग बघू तरी कसा आहे तो. चार दिवस ती राहिली. सकाळी माझा डबा भरायची, माझ्या मुलीला अभ्यासाला उठवायची, संध्याकाळी आम्ही दोघी तलावपाळीला जाऊन बसायचो. पाचव्या दिवशी सकाळी ती साडी नेसून, पिशवी भरून दारात उभी राहिली. रिक्षा खाली आली होती.

मी म्हटलं, "अजून दोन दिवस राहा ना."

आग्रह म्हणून बोलले नव्हते. मला ती हवी होती, तेवढंच.  आईनं चपला काढल्या, आत गेली आणि पिशवीतली घडी केलेली दुसरी साडी काढून पलंगावर ठेवली. मी खिडकीतून वाकून रिक्षावाल्याला जायला सांगितलं.